वत्सगुल्म ते विद्यापीठ : वास्तूचा खर्च कोणी उचलला?

१/१४
विद्यापीठाच्या आवारात शिरताना आपण इमारतीवरचे नाव वाचतो आणि पुढे जातो. ते नाव कोणाचे, पैसा कोठून आला आणि इमारत नेमकी तेथेच का उभी राहिली, हे आपण सहसा विचारत नाही. वाशिम जिल्ह्यात उभे राहून हे तीन प्रश्न विचारले, तर दीड हजार वर्षांचा एक धागा हाती लागतो. हा थ्रेड त्याविषयी.

२/१४
आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात या शाखेचा राजा हरिषेण याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून भिक्षुसंघास अर्पण केले. त्याचा शिलालेख आजही तेथे आहे. या विहाराला विद्यापीठ म्हणता येणार नाही. पण दात्याचे नाव आणि दानाचा हेतू दगडात नोंदवण्याची रीत तेथे स्पष्ट दिसते.

३/१४
एक गोष्ट ध्यानात ठेवू. सत्ता वत्सगुल्माची होती, वास्तू मात्र अजिंठ्याच्या डोंगरात उभी राहिली. संपत्ती एका प्रदेशाची आणि तिचे शिल्प दुसऱ्या प्रदेशात, हे चित्र चौदा शतकांनंतर पुन्हा दिसणार होते.

४/१४
१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. अध्यापन महाविद्यालयांत चाले. विद्यापीठ परीक्षा घेई आणि पदव्या देई. कारभार टाऊन हॉलमधून होत असे. १८६० च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडले गेले आणि सार्वजनिक इमारतींसाठी मोकळी जागा मिळाली. उरला प्रश्न पैशाचा.

५/१४
तो पैसा कापसाने आणला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होते. येथील काळ्या जमिनीतला कापूस मुंबईच्या बाजारात अमरावतीच्या जुन्या नावावरून ‘उमरा’ म्हणून ओळखला जाई. या चार वर्षांत मुंबईला सात-आठ कोटी पौंडांचा जादा लाभ झाला, असा तत्कालीन लेखकांचा अंदाज आहे.

६/१४
या तेजीतले सर्वांत मोठे नाव प्रेमचंद रायचंद. १८६४ साली त्यांनी ग्रंथालयासाठी २ लाख रुपये दिले आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी आणखी २ लाख. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईंचे, नाव द्यावे ही त्यांची इच्छा. दीक्षान्त सभागृहासाठी सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी १ लाख रुपये दिले. दोन्ही वास्तूंचे आराखडे लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचे. त्यांनी हिंदुस्थानात कधी पाऊलही ठेवले नाही.

७/१४
१ जुलै १८६५ रोजी तेजीचा फुगा फुटला. युद्ध संपले होते, भाव कोसळले होते. प्रेमचंदांचे साम्राज्यही ढासळले. देणगी मात्र टिकली. १ मार्च १८६९ रोजी मनोऱ्याची पायाभरणी झाली आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये २८० फुटांची ही वास्तू पुरी झाली. देणगी ४ लाखांची होती, खर्च सुमारे साडेपाच लाखांवर गेला. नाव दात्याचे लागते. पण त्याच्या रकमेत सगळा खर्च भागतोच असे नाही.

८/१४
प्रेमचंदांचा अमुक रुपया वाशिमच्या अमुक शेतातून आला, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. गुजरातचा आणि धारवाडचा कापूसही त्याच बाजारात होता. तरीही ज्या व्यापाराने हा मनोरा उभा केला, त्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे श्रम होते, हे नाकारता येत नाही. त्या शेतकऱ्याच्या मुलासाठी वऱ्हाडात मात्र विद्यापीठ नव्हते.

९/१४
१९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. १९०५ साली जुना वाशिम जिल्हा मोडला आणि वाशिमचा भाग अकोल्यात विलीन झाला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले. तोवर नागपूरची महाविद्यालयेदेखील दूरच्या अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. विद्यापीठ जवळ आले, तरी वाशिमकरांसाठी ते विदर्भाच्या दुसऱ्या टोकालाच होते.

१०/१४
नागपूरला आपला प्रेमचंद मिळाला तो कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या रूपाने. १९३० साली त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राने त्यांनी सुमारे ३५ लाख रुपयांची संपत्ती उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी विद्यापीठाला दिली. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. संपत्ती देताना काय शिकवले जावे हेही दात्याने ठरवून दिले, हे येथे महत्त्वाचे.

११/१४
१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. वाशिमचा भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता आणि तो या विद्यापीठाच्या कक्षेत आला. राजाबाई मनोऱ्याला तेव्हा शंभरांहून अधिक वर्षे झाली होती. २००५ साली विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. नाव समर्पक आहे. लोकवर्गणीतून धर्मशाळा उभारणाऱ्या बाबांनी स्वतःसाठी झोपडीही बांधली नाही. पंढरपूरची धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.

१२/१४
आता मुख्य दाता म्हणजे सरकार. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानात, म्हणजे ‘रूसा’मध्ये, विद्यापीठाच्या पायाभूत सुविधांसाठी २० कोटी रुपयांची तरतूद होती. तिची विभागणी अशी : नवे बांधकाम ३५ टक्के, नूतनीकरण ३५ टक्के, उपकरणे ३० टक्के. नव्या आणि जुन्या वास्तूला समान वाटा देणारी ही अट मोलाची आहे. कोनशिलेवर नाव कोरून घेणारे बरेच भेटतात. गळक्या छपरासाठी पैसे देणारे विरळा.

१३/१४
राजाबाई मनोऱ्यालाही हे भोगावे लागले. २०१५ साली त्याचे जतनकार्य पुरे झाले, तेव्हा त्यासाठी सुमारे ४ कोटी रुपये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिले होते. एकदाच मिळालेल्या देणगीवर वास्तू उभी राहते. पुढे ती टिकवायची तर प्रत्येक पिढीला नव्याने पैसा उभा करावा लागतो.

१४/१४
१ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आले. विद्यापीठाचे मुख्य आवार आजही शंभर किलोमीटरहून दूर आहे. म्हणून मित्रहो, नव्या इमारतीची घोषणा ऐकाल तेव्हा चार गोष्टी विचारा : पैसा कोणाचा, जागा कोणती, वापर कोणाचा आणि वीस वर्षांनी डागडुजी कोण करणार? आपल्या महाविद्यालयाची कोनशिला वाचा आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते खाली जरूर कळवा.