नेत्याला गट किती कळतो? कमला चौधरी आणि नेतृत्वाचे शास्त्र

भारतीय विज्ञानातील नेतृत्वाचा विषय निघाला की विक्रम साराभाई आणि सतीश धवन यांच्या आठवणी सांगितल्या जातात. आठवणी सुंदर असतात, पण त्यांवरून नेतृत्वाचे शास्त्र उभे राहत नाही. ते उभे करू पाहणाऱ्या एक विदुषी साराभाईंच्याच संस्थेत होत्या.

अहमदाबादेत 1947 मध्ये ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योगाची संशोधन संस्था स्थापन झाली. सूत आणि कापड तपासणाऱ्या या संस्थेत गिरणीतील माणसांचाही अभ्यास होऊ लागला आणि ते काम मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवलेल्या कमला चौधरी यांच्याकडे आले.

त्याआधी नेत्यांची गुणवैशिष्ट्ये शोधण्याची रीत होती: उंची, बुद्धी, आत्मविश्वास. राल्फ स्टॉगडिल यांनी 1948 मध्ये अशा अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा केवळ ठरावीक गुणांमुळे कोणी नेता होतो असे दिसेना. परिस्थितीही तितकीच महत्त्वाची ठरत होती. चौधरी आणि थिओडोर न्यूकम्ब यांनी 1952 च्या शोधनिबंधात प्रश्नच बदलला. आपल्या गटाचे मत काय आहे, याचा अंदाज नेत्याला इतरांपेक्षा अचूक करता येतो का? उत्तर होकारार्थी आले, मात्र एका अटीवर: विषय गटाच्या जिव्हाळ्याचा असला तरच. गटाशी संबंध नसलेल्या विषयांत नेत्यांची ही सरशी टिकली नाही. माझ्या मते या निबंधाचे खरे मोल या अटीत आहे. नेत्याची जाण ही सर्वत्र चालणारी दैवी देणगी नसते, असे ती आकड्यांनिशी सांगते.

पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस अहमदाबादच्या कॅलिको मिलमध्ये आले. तेथील 224 स्वयंचलित मागांवर कामाच्या इतक्या वाटण्या झाल्या होत्या की संपूर्ण कापडाची जबाबदारी कोणत्याच एका गटाकडे नव्हती. कामगारांनी स्वतःच छोटे गट जुळवले आणि काही काळाच्या चढउतारांनंतर उत्पादन व गुणवत्ता दोन्ही सुधारली.

जय बी. पी. सिन्हा यांनी 1980 मध्ये भारतीय कार्यालयांतील नेत्याचे वेगळे प्रारूप मांडले. हा नेता माया लावतो, पण ती कामाशी बांधलेली असते. हाताखालची माणसे तयार होत जातील तसा तो त्यांना निर्णयात सामील करून घेतो.

विद्यार्थ्यांनी राइस आणि सिन्हा यांची पुस्तके मिळवावीत. संदर्भासाठी स्टॉगडिल यांचा 1974 चा ‘हँडबुक ऑफ लीडरशिप’ हा जाडजूड ग्रंथ हाताशी ठेवावा. आणि 1975 चा एरिक मिलर यांचा निबंधही वाचावा. ते कॅलिकोत परत गेले, तेव्हा गटपद्धती एका ठिकाणी बऱ्याच अंशी टिकून होती. इतरत्र ती विरून गेली होती.