रंग पाठ असलेली माणसं

घोड्यांच्या शर्यतीचं धावतं वर्णन करणारा माणूस आवाजामुळे मोठा होतो, असं बहुतेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. आंबेगाव-खेड भागातल्या यात्रांमध्ये बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटावर, म्हणजे धावपट्टीवर, मी माईक धरतो. जुन्या रेस निवेदकांची रेकॉर्डिंग मी ऐकतो ती त्याच कानाने. त्यांचा आवाज मला नंतर ऐकू येतो. आधी दिसते ती त्यांची तयारी.

आमच्या घाटात एका वेळी एकच गाडा सुटतो. पुढे घोडी, मागे बैल, हातात नावांची यादी. बारी, म्हणजे गाड्याची एक धाव, काही सेकंदांत संपते आणि घड्याळवाला सांगेल ती वेळ मी पुकारतो. रेसकोर्सवरच्या निवेदकाला ही सोय नसते. घोडे एकदम सुटतात, घोळक्याने पळतात आणि समोरच्या बाजूला गेले की बोटभर दिसतात. घोड्यावरचा नंबर तिथून वाचता येत नाही. ओळख पटते ती जॉकीच्या सदऱ्याच्या आणि टोपीच्या रंगांवरून. प्रत्येक मालकाचे रंग ठरलेले. ते सगळे त्या दिवसापुरते तोंडपाठ करायचे, शर्यत संपली की विसरायचे आणि अर्ध्या तासात पुढच्या शर्यतीचे नवे रंग डोक्यात भरायचे. या धंद्याचं मूळ काम हे आहे.

लाउडस्पीकर येण्याआधी प्रेक्षकाला यातलं काही कळत नसे. आपल्या महालक्ष्मीचा रेसकोर्स १८८३ चा. तिथल्या पहिल्या पिढीने शर्यती मुक्यानेच पाहिल्या. ज्याच्याकडे दुर्बीण त्याला थोडंफार दिसायचं, बाकीच्यांनी घोडे समोर येईपर्यंत वाट पाहायची. जगभर तीच तऱ्हा होती. मग १९२७ साली बीबीसीने लिव्हरपूलजवळच्या एंट्री इथली ग्रँड नॅशनल शर्यत पहिल्यांदा रेडिओवरून ऐकवली. अमेरिकेतही त्याच सुमारास रेसकोर्सवर लाउडस्पीकर लागू लागले आणि शिकागोजवळच्या आर्लिंग्टन पार्कवर क्लेम मॅकार्थी हा खरखरीत आवाजाचा माणूस माईकसमोर आला.

मॅकार्थीचा मोठा दिवस म्हणजे १ नोव्हेंबर १९३८. बाल्टिमोरच्या पिमलिको रेसकोर्सवर फक्त दोन घोड्यांची शर्यत होती. एक वॉर अ‍ॅडमिरल, आदल्या वर्षी अमेरिकेतल्या तिन्ही मानाच्या शर्यती जिंकलेला. दुसरा सीबिस्किट, कधीकाळी कुणी विचारत नव्हतं असा. चाळीसेक हजारांची गर्दी लोटली होती. त्या गर्दीतून मॅकार्थीला निवेदनाच्या खोलीपर्यंत पोचताच आलं नाही. तो ट्रॅकच्या कठड्यापाशीच उभा राहिला आणि तिथून बोलला. उंचावरून जे सहज दिसलं असतं ते त्याला गर्दीच्या पातळीवरून पाहावं लागलं. सीबिस्किट घोड्याच्या चार लांबींएवढ्या अंतराने जिंकला. रेडिओला कान लावून बसलेल्यांचा अंदाज चार कोटींचा सांगतात, आणि त्यांत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टही होते. एवढ्या लोकांनी ती शर्यत पाहिली ती कठड्याला टेकलेल्या एका माणसाच्या डोळ्यांनी.

त्याच पिमलिकोवर १९४७ च्या प्रीकनेस शर्यतीत मॅकार्थी चुकला. वळणावर मध्ये आलेल्या गर्दीमुळे घोडे क्षणभर दिसेनासे झाले. पुन्हा दिसले तेव्हा पुढे असलेला घोडा जेट पायलट आहे असं त्याने धरलं आणि शेवटपर्यंत तेच नाव घेतलं. जिंकला होता फॉल्टलेस. चूक कळताच त्याने त्याच प्रसारणात ती कबूल केली आणि खरं नाव सांगितलं. मला १९३८ इतकाच हाही प्रसंग मोलाचा वाटतो. दूर बसलेल्या माणसाकडे पडताळून पाहायला दुसरं काहीच नसतं, त्यामुळे निवेदकाने शब्द फिरवला तर तो उघडपणे फिरवला पाहिजे. मॅकार्थीने तो तसा फिरवला.

निवेदकाचे डोळे किती किमती असतात ते ऑस्ट्रेलियात कोर्टापर्यंत गेलं. सिडनीच्या व्हिक्टोरिया पार्क रेसकोर्सच्या मालकांना रेडिओवरचं वर्णन नको होतं. घरी किंवा गुत्त्यात बसून शर्यत ऐकता आली आणि तिथल्या तिथे चोरट्या बुकीकडे पैसे लावता आले, तर तिकीट काढून आत कोण येणार? पण रेसकोर्सला लागून टेलर नावाच्या गृहस्थाची जागा होती. त्याने आपल्या आवारात चारपाच मीटर उंच लाकडी मचाण बांधू दिलं. त्यावर सिरिल अँगल्स हा निवेदक चढायचा आणि कुंपणापलीकडचे घोडे पाहून रेडिओवर सगळी शर्यत सांगायचा. आतल्या फळ्यांवर लिहिलेली माहितीही त्याला तिथून वाचता यायची. मालकांनी दावा लावला. १९३७ साली ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाने तीन विरुद्ध दोन अशा मताने तो फेटाळला. न्यायाधीशांचं म्हणणं साधं होतं : डोळ्यांना दिसणाऱ्या देखाव्यावर कुणाची मालकी नसते. मालकांना दिसू द्यायचं नसेल तर त्यांनी कुंपण उंच करावं. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात. माझ्या दृष्टीने त्या निकालाच्या केंद्रस्थानी मचाणावर उभा असलेला अँगल्स आहे. पाहणं आणि पाहिलेलं सांगणं हे त्याचं काम होतं आणि ते करायचा त्याला हक्क आहे, हे कोर्टाने मान्य केलं.

सातत्याचं नाव घ्यायचं तर कॅलिफोर्नियातल्या सांता अनिताच्या जो हर्नांडेझचं. १९३४ च्या नाताळच्या दिवशी तो रेसकोर्स उघडला तेव्हा माईकवर हर्नांडेझच होता. तिथून पुढे १९७२ पर्यंत त्याने सलग १५,५८७ शर्यती सांगितल्या. माईकसमोरच तो कोसळला आणि काही दिवसांत गेला.

तयारी म्हणजे काय ते मात्र पीटर ओ'सुलेव्हन यांच्याकडे पाहून कळतं. आयर्लंडमध्ये १९१८ साली जन्मलेले हे गृहस्थ बीबीसीसाठी पन्नास ग्रँड नॅशनल बोलले, पहिली १९४७ ची, शेवटची १९९७ ची. ग्रँड नॅशनल म्हणजे चार मैलांहून लांब, उंच झुडपांच्या अडथळ्यांवरून उड्या मारत जायची शर्यत. त्या काळी चाळीसहून जास्त घोडे एकदम सुटायचे. ओ'सुलेव्हन प्रत्येक घोड्याचे रंग स्वतःच्या हाताने कागदावर रंगवत. ज्याने कधी हाताने नाव लिहून पाठ केलं आहे त्याला याचं कारण सांगायला नको. त्यांची दुर्बीण दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीवरची होती.

१९७४ साली चेल्टनहॅमला ट्रायम्फ हर्डल शर्यतीत त्यांचा स्वतःचा घोडा, अ‍ॅटिव्हो, धावत होता आणि निवेदनही तेच करत होते. घोडा पुढे होता, जिंकत होता. आवाजात कुठेही आपलेपणा डोकावला नाही. बाकीच्या घोड्यांची नावं जशी आणि जितक्या वेळा यायला हवीत तशीच आली. शर्यत संपल्यावर विजेत्याच्या मालकाचं नाव सांगायचं असतं म्हणून त्यांनी ते सांगितलं, पीटर ओ'सुलेव्हन. आमच्या घाटावर भावकीतला गाडा सुटला की निवेदकाचा आवाज आपोआप चढतो आणि लोकांना ते लगेच कळतं. म्हणून ही गोष्ट मी नव्या पोरांना आवर्जून सांगतो.

तयारीचं फळ एका क्षणात कसं मिळतं ते मायकेल ओ'हेहिर यांच्या बाबतीत दिसलं. आयर्लंडमध्ये ते गेलिक फुटबॉल आणि हर्लिंगचा आवाज म्हणून घरोघरी ठाऊक होते. ८ एप्रिल १९६७ च्या ग्रँड नॅशनलला बीबीसीच्या पथकात मैदानाचा लांबचा भाग त्यांच्याकडे होता. शर्यतीआधी ते जॉकींच्या खोलीत जाऊन रंग पाहून आले. तिथे एका जॉकीच्या अंगावर यादीत नसलेले रंग दिसले. ओ'हेहिर यांनी त्यालाच विचारलं. जॉन बकिंगहॅम नावाच्या त्या जॉकीने सांगितलं की घोडा फॉइनाव्हॉन आहे, रंग बदलले आहेत. त्या घोड्याचा भाव शंभरास एक होता. त्याच्या मालकाला आणि ट्रेनरलाही आशा नव्हती; ट्रेनर त्या दिवशी दुसऱ्याच रेसकोर्सवर होता.

दुसऱ्या फेरीत तेविसाव्या अडथळ्यापाशी, जो मैदानातल्या बुटक्या अडथळ्यांपैकी एक, स्वार पडलेला एक घोडा आडवा धावत सुटला. मागून आलेले त्याच्यावर थडकले. काही थांबले, काही उलटे फिरले, जॉकी झुडपांवर फेकले गेले. क्षणभरात सगळी शर्यत तिथे तुंबली. त्या गोंधळातून, बराच मागे पडल्यामुळेच वाचलेला एक घोडा वाट काढून उडी मारून पुढे निघाला. ओ'हेहिर यांनी त्याच क्षणी नाव घेतलं : फॉइनाव्हॉन. यादी चाळायला तिथे वेळच नव्हता. शर्यतीआधी विचारलेला एक प्रश्न तिथे कामी आला. फॉइनाव्हॉन पंधरा लांबींनी जिंकला. त्या अडथळ्याला आज त्याच घोड्याचं नाव आहे.

इतकं पाठांतर असलेल्या माणसाला एखाद्या दिवशी शब्दही सापडतो. ९ जून १९७३ ला न्यूयॉर्कच्या बेलमाँटवर सेक्रेटेरिअट दीड मैलाची शर्यत २ मिनिटं २४ सेकंदांत आणि एकतीस लांबींच्या फरकाने जिंकला. तो वेळेचा विक्रम आजही अबाधित आहे. पंचवीस वर्षांत कुणा घोड्याला तिन्ही शर्यती साधल्या नव्हत्या. टीव्हीवर चिक अँडरसन बोलत होता. वळणावर घोडा बाकीच्यांपासून सुटला तेव्हा अँडरसनच्या तोंडून गेलं की हा एखाद्या प्रचंड यंत्रासारखा चालला आहे. त्या शर्यतीची आठवण निघाली की लोक अजून तोच शब्दप्रयोग काढतात. पळणारा घोडा थकतो, लय मोडते. त्या घोड्याची लय शेवटपर्यंत मोडली नाही. अँडरसनने जे दिसलं तेच सांगितलं, म्हणून ते टिकलं. १९७९ साली, वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला.

या सगळ्यांचे आवाज जपून ठेवले गेले, म्हणून मला घरबसल्या त्यांच्याकडून शिकता येतं. आपल्याकडच्या घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या निवेदक उभे राहिले. पाचशे गाडामालकांची नावं, गावं, त्यांच्या वडिलांची कीर्ती त्यांना तोंडपाठ होती. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाड्यांच्या शर्यती थांबवल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मधल्या वर्षांत कित्येक जुने आवाज कायमचे गेले. माझी यात्रा कमिट्यांना विनंती आहे : बक्षिसाच्या मोटारसायकलीवर जेवढा खर्च होतो त्याच्या तुकड्याइतक्या पैशात माईकवरचं सगळं बोलणं नीट रेकॉर्ड होतं. ते करून घ्या, त्यावर निवेदकाचं नाव, गाव आणि तारीख घाला आणि गावच्या वाचनालयात ठेवा. जे आज ऐंशीच्या घरात आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा.