जॅग्वार मोटारगाडीची दंतचक्रपेटी : पुनर्बांधणी व फेरफार

मोटारगाडीच्या एंजिनाची गती व चाकांची गती यांचे प्रमाण भारानुसार आणि चढउतारानुसार बदलणाऱ्या यंत्रणेस दंतचक्रपेटी (गिअरबॉक्स) म्हणतात. जुन्या गाड्यांच्या जतनात या पेटीची पुनर्बांधणी हा महत्त्वाचा व वादाचा विषय ठरला असून जॅग्वार ही इंग्लिश गाडी त्याचे ठळक उदाहरण होय.

सरकत्या दंतचक्रांची पेटी फ्रान्समधील पानार व लव्हासॉर यांनी १८९० नंतरच्या दशकात रूढ केली. तीत भिन्न गतींनी फिरणारी चक्रे एकमेकांत अडकविताना दात खरडत. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोमेश (समगती जुळणी) ही योजना आली. तीत दोन शंक्वाकार पृष्ठभाग एकमेकांवर घासून आधी गती समान होतात व मगच दात जुळतात.

लंडन येथील १९४८ च्या प्रदर्शनात मांडलेल्या जॅग्वार एक्सके १२० मध्ये मॉस कंपनीच्या धाटणीची चारगती पेटी होती. वरच्या तीन गतींना सिंक्रोमेश होते; पहिल्या गतीला मात्र नव्हते. त्यामुळे चालत्या गाडीत पहिल्या गतीवर येताना चालकास क्लच दोनदा दाबून मध्ये एंजिनाचा वेग वाढवावा लागे. पेटी बळकट, पण गतिबदल मंद. १९६१ च्या ई-टाइप गाडीतही हीच पेटी राहिली. १९६४ मध्ये ४.२ लिटर एंजिनाबरोबर सर्व पुढील गतींना सिंक्रोमेश असलेली नवी पेटी आली.

ई-टाइपमधील पेटी एकटी काढता येत नाही. एंजिन व पेटी एकत्रच बाहेर काढावी लागतात. म्हणून काम हाती घेतल्यावर ते पुरे करणे श्रेयस्कर ठरते. काढलेल्या तेलातील धातूचा कीस झिजेची पहिली साक्ष देतो. भाग सुटे करून धारवे (बेअरिंग), सिंक्रोमेशची कडी, तेलरोधक व उपदंडाच्या सुईसारख्या लाटा बदलतात. उपदंडाची अक्षीय ढिलाई योग्य जाडीच्या चकत्या घालून मर्यादेत आणतात. दात तुटले असल्यास चक्रेही बदलावी लागतात.

पुष्कळ मालक केवळ दुरुस्तीवर थांबत नाहीत. कोणी जुन्या ई-टाइपमध्ये १९६४ ची पेटी बसवितात, तर कोणी आधुनिक पाचगती पेटी. पाचव्या गतीमुळे द्रुतमार्गावर एंजिनाचे फेरे कमी होतात. आवाज व इंधनाचा खर्च घटतो. त्यासाठी जोडभागांत व चालक दंडात बदल करावे लागतात.

येथेच मतभेद उद्भवतो. जॅग्वारच्या ओळखपट्टीवर चौकट, एंजिन व कवच यांच्याबरोबर दंतचक्रपेटीचाही क्रमांक असतो. पेटी बदलली की हा मेळ तुटतो. शिवाय त्या काळी गाडी चालविण्यास लागणाऱ्या कौशल्याचा पुरावाही नाहीसा होतो. उलट, गैरसोयीमुळे वापरातून गेलेली गाडी उभ्या उभ्या गंजते, हेही खरे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तूरिन सनद जतनाला अग्रक्रम देते. आवश्यक बदल मूळ रचनेला शक्य तितका कमी धक्का लावणारे, पूर्ववत करता येण्याजोगे व नोंदलेले असावेत, अशी तिची दृष्टी आहे. त्यामुळे मूळ पेटी दुरुस्त करून, तेल लावून गाडीबरोबरच जपून ठेवणे आणि नवी पेटी कवच न कापता बसविणे, हा मार्ग दोन्ही बाजूंना मान्य होण्यासारखा आहे.