आंबोलीचे भूचर आणि जलचर

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीच्या सदाहरित जंगलात जमीन आणि पाणी यांची वेगळी वाटणी करता येत नाही. पालापाचोळ्याखालच्या ओल्या मातीत बिनपायाचे, वळ्यावळ्यांचे देवगांडूळ राहते. दिसायला गांडूळ, पण बेडकाचे भाऊबंद. आंबोली भेक कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. हिरण्यकेशी मंदिराजवळच्या कुंडातील ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा चिमुकला मासा २०२० मध्ये विज्ञानाला नव्याने कळला. २०२१ मध्ये तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ ठरला. देवस्थानामुळे कुंड राखले जातेच, मग आणखी काय हवे, असे कोणी म्हणेल. पण कुंडाचा झरा डोंगरात मुरलेल्या पावसावर वाहतो आणि तो पाऊस मुरवते झाडांखालची भुसभुशीत माती. ती उघडी पडली, तर देवगांडुळाबरोबर माशाचाही आसरा जाईल.