डेमन, दिवाण आणि कारभारी

लिनक्सच्या प्रात्यक्षिकात चालू प्रोसेसची यादी पहिल्यांदा पडद्यावरून सरकते, तेव्हा काही नावांच्या शेपटीला एक 'डी' चिकटलेला दिसतो. एसएसएच-डी, क्रॉन-डी, एचटीटीपी-डी, आणि अलीकडे या सगळ्यांचा मुकादम होऊन बसलेला सिस्टिम-डी. व्हायव्हाला 'हा डी कसला?' असे विचारले तर अभ्यास केलेली मुलगी सांगते, 'डेमनचा.' डेमन म्हणजे? 'बॅकग्राउंडला चालणारी प्रोसेस.' उत्तराला पूर्ण गुण. पण शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाचे एवढ्याने भागत नाही. कोणी लॉगिन केलेले नसतानाही राबणाऱ्या, दर मिनिटाला उठून 'काही काम नेमून दिले आहे का' हे पाहणाऱ्या या निमूट सेवकाला सैतानाच्या पंगतीत कोणी बसवले असावे?

शब्दाचा संगणकातला जन्म तसा अलीकडचा, १९६३ चा. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत 'प्रोजेक्ट मॅक' चालू होता आणि फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने अशा मागे चालणाऱ्या कामांना डेमन म्हणायला सुरुवात केली. नाव सुचले ते मॅक्सवेलच्या भुतावरून, असे कॉर्बाटोंनीच पुढे सांगितले. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६७ मध्ये एका काल्पनिक जिवाची कल्पना मांडली होती. तो दोन कप्प्यांमधल्या झरोक्यावर बसतो, वेगवान रेणू एकीकडे आणि मंद रेणू दुसरीकडे सोडतो, आणि हे काम न थकता करतो. त्याला 'डेमन' हे नाव मॅक्सवेलने नव्हे, तर विल्यम थॉमसन, म्हणजे लॉर्ड केल्विनने १८७४ मध्ये दिले. 'डिस्क अँड एक्झिक्यूशन मॉनिटर' असे या शब्दाचे लांबलचक रूप काही नोट्समध्ये सापडते, ते मागाहून रचलेले आहे. 'न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ' याच जातीची ही व्युत्पत्ती. पण अशा व्युत्पत्तींवर रागावू नये. त्या खोट्या असल्या तरी लोकांना शब्दात काय दिसते ते सांगतात, आणि याची एक फार सुंदर साक्ष पुढे येणारच आहे.

ग्रीकमधला 'दाइमोन' मुळात सैतान नव्हताच. देव आणि माणूस यांच्या मधली ती शक्ती. सॉक्रेटिसला वेळोवेळी 'हे करू नकोस' असे आतून बजावणारे जे काही होते, त्यालाही याच कुळातला शब्द वापरलेला आहे. धातू 'वाटणे, हिस्से करणे' या अर्थाचा दिसतो, म्हणजे दाइमोन हा नशिबाचे वाटे घालणारा. ग्रीकमध्येच 'दाइस्' म्हणजे मेजवानी, कारण तिथे वाटे पडतात. संस्कृतातला 'दो, द्यति' हा कापण्याचा, तुकडे करण्याचा धातू याच घरातला मानतात, आणि वारशातला हिस्सा या अर्थाचा 'दाय' हा शब्दही त्याच्याशी जोडता येतो असे दिसते. आता आपल्याकडे वाटण्याचा दुसरा धातू आहे 'भज्'. त्यावरून भाग, भाग्य, भक्त, भगवान, आणि ऋग्वेदातला 'भग' हा आदित्य, जो संपत्तीचे वाटे घालतो. जुन्या फारसीतला 'बग' आणि रशियनमधला 'बोग', दोन्हींचा अर्थ देव, आणि दोन्ही भगाचे भाऊबंद. ग्रीकांनी एका धातूने आणि आपण दुसऱ्या धातूने, पण दैवी शक्तीची कल्पना केली ती वाटपी म्हणूनच. ग्रीकांच्या मेजवानीचा जोडीदार हवा असेल तर तोही ताटात आहे: 'भात' हा संस्कृत 'भक्त'चा, म्हणजे वाट्याला आलेल्या अन्नाचा, वंशज. आणि 'दायभाग' या धर्मशास्त्रातल्या शब्दात तर दोन्ही धातू शेजारी शेजारी बसले आहेत. (महाराष्ट्रात वाटण्या मिताक्षरेप्रमाणे होत, दायभागाचा अंमल बंगालकडे, पण शब्दाला प्रांतबंदी नसते.)

प्रिंटरची पाळी, जाळ्यावरून आलेली विनंती यांचे वाटे घालणारी प्रोसेस म्हणजे डेमन, असे म्हटले तर नाव किती चपखल बसले ते कळते. हे नाव ठेवणाऱ्यांच्या मनात एवढे ग्रीक नसावे. नाव मात्र योग्य घरी पडले.

मग दाइमोनचा सैतान झाला कसा? नवा धर्म आला की जुन्या धर्माच्या दैवतांना राक्षसाची नोकरी पत्करावी लागते. ख्रिस्ती लेखकांनी दाइमोनचे हेच केले. आपल्याला याचे नवल वाटू नये, कारण घरचा दाखला याहून मोठा आहे. ऋग्वेदात 'असुर' हे वरुणासारख्यांचे गौरवाचे विशेषण आहे, पुढे तो देवांचा शत्रू झाला. इराणात नेमके उलट घडले. तिथे 'अहुर' परमेश्वरपदी गेला आणि 'दएव' दुष्ट ठरला. त्या दएवाचे नव्या फारसीत 'दीव' झाले, अर्थ राक्षस. आणि दीवाने झपाटलेला तो 'दीवाना', जो मराठीत दिवाणा होऊन सिनेमाच्या गाण्यांतून भटकतो आहे. म्हणजे आपला देव आणि आपला दिवाणा हे सख्खे नातलग!

'दिवाणा'च्या शेजारी 'दिवाण' ठेवल्यावर हात आपोआप शिवशिवतात. दिवाण, दिवाणखाना, दिवाणी न्यायालय, बसायचा दिवाण: एका कचेरीच्या शब्दाने किती खोल्या व्यापल्या! मघाशी म्हटलेली साक्ष इथे येते. इब्न खल्दूनने चौदाव्या शतकात लिहिलेल्या 'मुकद्दिमा'मध्ये या शब्दाच्या दोन कथा दिल्या आहेत. एकीत इराणचा बादशहा खुस्रो आपल्या कारकुनांना हिशेब करताना पाहतो. ते स्वतःशीच पुटपुटत असतात, म्हणून तो म्हणतो 'दीवाने', वेडे आहेत हे. दुसऱ्या कथेप्रमाणे दिवाण म्हणजे दीवांचा समूह; उघड आणि झाकलेले सगळे झटकन ओळखून विखुरलेले एकत्र जुळवणाऱ्या कारकुनांना लोक भुतेच समजत. भाषाशास्त्राला दोन्ही कथा मान्य होणार नाहीत. पण पाहा, दप्तरात बसून न दिसता काम उरकणाऱ्याला 'डेमन' म्हणण्याची कल्पना एमआयटीच्या सहाशे वर्षे आधी सुचलेली आहे.

अभ्यासकांचा कल 'दिवाण' हा लिहिण्याशी जोडण्याकडे दिसतो. जुन्या फारसीत 'दिपि' म्हणजे लेख. अशोकाच्या शाहबाजगढी आणि मानसेहरा इथल्या शिलालेखांत 'दिपि' येते, इतरत्र 'लिपि'. त्याआधीची पावले एलामी, अक्कदी करत थेट सुमेरी 'दुब', म्हणजे मातीची पाटी, इथवर नेता येतात. दिपि लिहिणारा तो 'दबीर', आणि मराठी राज्यात तो झाला डबीर. शिवछत्रपतींच्या १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी पदांना संस्कृत नावे दिली गेली, तेव्हा डबीराचा सुमंत झाला, सुरनीसाचा सचिव, वाकनीसाचा मंत्री. रघुनाथपंडितांचा 'राज्यव्यवहारकोश' याच खटाटोपाचा भाग. कारभाराच्या परिभाषेचे भाषांतर करायचा प्रश्न आपल्याला संगणकाने पहिल्यांदा घातलेला नाही.

यातला वाकनीस जरा थांबून पाहण्यासारखा आहे. अरबी 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट आणि फारसी 'नवीस' म्हणजे लिहिणारा. दोन्हींची झीज होऊन वाकनीस. हा प्रत्यय फडणीस, चिटणीस, पोतनीस यांत तर आहेच, 'रोजनिशी'तही तोच दडलेला आहे. राजाच्या दरबारी रोज काय घडले ते टिपून ठेवणे हे वाकनीसाचे काम. लिनक्समध्ये हे काम करणाऱ्याचे नाव सिस-लॉग-डी. कोण आत आले, कोणाचा पासवर्ड चुकला, कोणत्या सेवेने किती वाजता मान टाकली, सगळे वेळेसह 'लॉग'मध्ये उतरते. इंग्रजी लॉग मूळचा लाकडाचा ओंडका. जहाजाचा वेग मोजायला गाठी मारलेल्या दोरीला बांधून लाकूड पाण्यात टाकत, वेग वहीत नोंदवत, आणि ओंडक्याचे नाव वहीला चिकटले. ज्या मुलांना लॉग वाचायचा कंटाळा येतो त्यांना ही प्रणाली कधीच सांभाळता येत नाही, असे शिकवणारे सांगतात. नाना फडणीसांनीही बहुधा हेच सांगितले असते.

आता खुद्द ॲडमिनिस्ट्रेटर. लॅटिनमध्ये 'मिनिस्टेर' म्हणजे नोकर. हा शब्द 'मिनुस', म्हणजे कमी, यावरून घडला. त्याचा विरुद्ध जोडीदार 'मागिस', म्हणजे अधिक, यावरून घडलेला 'मागिस्टेर'. एक धाकला, एक थोरला. थोरल्याचा इंग्रजीत मास्टर झाला आणि आपल्या शाळेत मास्तर. पोर्तुगीजांत त्याचाच 'मेस्त्रे' झाला, आणि तो कोकण-गोव्यात उतरून मेस्त्री, मिस्त्री बनला. 'मागिस'चे नाते संस्कृत 'महत्'शी आहे, म्हणजे मास्तर, मिस्त्री आणि महात्मा एकाच कुळातले! धाकल्याचे नशीब पुढे फळफळले आणि तो मंत्रालयात जाऊन बसला, पण 'ॲडमिनिस्टर'मध्ये सेवेचा अर्थ अजून जिवंत आहे. सर्व्हर हा शब्द तरी काय, सेवकच.

त्यामुळे 'सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर'ला 'प्रणाली प्रशासक' म्हणतात तेव्हा मला थोडे खटकते. 'शास्' धातू चांगला आहे. शास्त्र त्याचेच, शिष्य त्याचाच, आणि हेमचंद्राने आपल्या व्याकरणाला 'शब्दानुशासन' म्हटले ते शिकवण्याच्याच अर्थाने. पण मराठीत 'कडक शासन झाले पाहिजे' म्हणजे शिक्षा, आणि 'प्रशासक नेमला' म्हणजे महापालिकेची मुदत संपली. या शब्दात सेवा कुठे दिसत नाही. त्यापेक्षा 'कारभारी' पाहा. संस्कृत 'कार्यभार' झिजून तो आला असावा, की फारसी 'कारोबार'वरून? गंमत अशी की वाद फार दूर जात नाही. फारसी 'कार' आणि आपला 'कृ' एकाच मुळाचे, फारसी 'बार' आणि आपला 'भार' तसेच. कोणत्याही वाटेने गेलो तरी कामाचे ओझे वाहणारा माणूसच भेटतो. शिवाय खेड्यात बायको नवऱ्याला कारभारी म्हणते, त्यात अधिकार, जबाबदारी आणि थोडी थट्टा, तिन्ही आहेत. आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, पासवर्ड प्रयोगशाळेतल्या बाराजणांना माहीत झाला की जे होते, त्याला मराठीत 'बारभाईंचा कारभार' हा तयार शब्द आहे.

म्हणूनच तर सुडो निघाला. रूटचे सर्वाधिकार कोणाच्या हाती न देता एकेका कामापुरते उसने देण्याची ही सोय १९८० च्या सुमारास न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाच्या बफेलो इथल्या संगणक विभागात रॉबर्ट कॉगेशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी केली. लिनक्स स्वतःही १९९१ मध्ये हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याच्या खोलीत सुरू झाले. कॉलेजात शिकायच्या या विषयाचा बराच भाग कॉलेजातच जन्मलेला आहे.

लिनक्सला 'मुक्त स्रोत' प्रणाली म्हणतात, त्या नावाबद्दल दोनच शब्द. इंग्रजीत 'फ्री' म्हटले की फुकट की स्वतंत्र हा घोळ होतो. आपल्याकडे मुक्त वेगळा आणि मोफत वेगळा, घोळ नाही. पण 'फ्री'चे मूळ पाहिले तर तो संस्कृत 'प्रिय'चा भाऊ निघतो. आणि आपला 'स्रोत' इंग्रजी 'स्ट्रीम'चा.

लिनक्समध्ये माहितीचीही स्ट्रीम असते, आणि ती एका कमांडमधून दुसरीत नेणारी उभी रेघ म्हणजे पाइप. डग मॅकिलरॉय यांनी १९६४ मध्ये ही कल्पना टिपून ठेवली आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी ती युनिक्समध्ये उतरवली. रेघ दिसते आपल्या दंडासारखी, पण दंड वाक्य थांबवतो आणि ही पुढे ढकलते. लॅटिन 'पिपारे' म्हणजे चिवचिवणे. त्यावरून पावा, मग नळी. पोर्तुगीजांत 'पिपा' म्हणजे मोठे लाकडी पीप, आणि तेच किनाऱ्यावर उतरून आपल्या मोरीतले पिंप झाले. म्हणजे ग्रेप आणि सॉर्ट या कमांडच्या मध्ये मुले जे घालतात ते शब्दकुळाने पिंपच आहे.

प्रयोगशाळेत मात्र हे सगळे बोलले जाते ते असे: 'पाइप मार', 'सुडो लावून बघ', 'ती प्रोसेस किल कर', 'डिस्क माउंट होत नाहीये'. शुद्धिवाद्यांना यात भाषेचा ऱ्हास दिसतो. मला यात जुनी, पक्की मराठी दिसते. परके नाम घ्यायचे आणि त्याला आपले क्रियापद जोडायचे, ही रीत फारसीच्या संगतीने मुरलेली आहे. मंजूर करणे, हजर होणे, जप्त करणे हे याच साच्याचे. किल करणे या रांगेत शेवटी येऊन उभे राहिले, इतकेच. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे मराठी पाठ आहेत; तिथेही कमांड इंग्रजीच राहतात आणि बोलणे मराठीत चालते, ते योग्यच आहे.

तेव्हा माझा कौल असा. कमांडना हात लावू नये. डेमनला पिशाच्च, राक्षस असे काही म्हणू नये, तो डेमनच बरा. ॲडमिनला मात्र कारभारी म्हणावे, आणि लॉग ठेवणाऱ्याला कोणी वाकनीस म्हटले तर पाठ्यपुस्तक मंडळींनी हरकत घेऊ नये.