७२० कोटी कोटी किल्ल्या

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या पेटीचं आकड्यांचं कुलूप अडून बसलं. नंबर जिच्या ध्यानात ती माहेरी, आणि तिथं फोनला रेंज नाही. तीन चाकांचं कुलूप, म्हणजे ००० पासून ९९९ पर्यंत एक हजार नंबर. आम्ही चौघी आळीपाळीनं एकेक नंबर लावत बसलो. तासाभरात, सहाशेच्या पुढं कुठंतरी, पेटी उघडली. आधी हसलो, मग गप्प झालो. आम्ही तासात उघडली, तर चोराला कितीसा वेळ लागणार?

असंच एकदा अमेरिकेत झालं, पण तिथं कुलूप सरकारनं ठरवून दिलेलं होतं. ती हकिकत आज सांगतो.

संगणकावरून पाठवायच्या मजकुरालाही कुलूप लावतात. अक्षरांची अशी सरमिसळ करतात की किल्ली नसेल त्याला नुसता गोंधळ दिसावा. ही किल्ली म्हणजे एक आकडाच. १९७७ साली अमेरिकी सरकारनं असं एक कुलूप प्रमाण म्हणून मान्य केलं, त्याचं नाव डीईएस. बँकाही पैशांच्या व्यवहाराला तेच वापरू लागल्या. त्याच्या किल्ल्या होत्या सुमारे ७२० कोटी कोटी. एवढा आकडा ऐकल्यावर कुणीही निर्धास्त झोपेल. पण डिफी आणि हेलमन या दोन अभ्यासकांनी तेव्हाच बजावलं होतं, की किल्ली आखूड आहे, पैसा ओतला तर सगळ्या लावून बघणारं यंत्र बांधता येईल. वीस वर्षं हा वाद तोंडीच चालला.

१९९७ च्या जानेवारीत आरएसए कंपनीनं या कुलपातला एक मजकूर जाहीर केला. उघडेल त्याला १०,००० डॉलर बक्षीस. कोलोराडोतल्या रॉक वर्सर यांनी त्यासाठी प्रोग्राम लिहिला आणि लोकांना हाक दिली: तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा या कामाला लावा. आपल्याकडं इर्जिकीला शेजारी आपापले बैल घेऊन येतात, तसंच म्हणा. आमच्या पेटीला कुलूप एकच, म्हणून एका वेळी एकीनंच हात लावायचा. मजकुराचं तसं नाही. त्याची नक्कल हजारोंना देता येते. खुरपणीला आपण जशी एकेक पात धरतो, तशी मधला संगणक प्रत्येकाला किल्ल्यांची एक पात नेमून देई. ती संपली की पुढची.

जूनमध्ये किल्ली सापडली, तीही सॉल्ट लेक सिटीतल्या एका साध्याशा संगणकावर. तोवर जेमतेम पाव किल्ल्या लावून झाल्या होत्या. बक्षिसातले ४,००० डॉलर त्या संगणकवाल्याला मिळाले.

पण एक अडचण होती. असे प्रोग्राम परवान्याशिवाय परदेशी पाठवायला अमेरिकी कायद्याची मनाई होती, म्हणून हे काम अमेरिका-कॅनडापुरतंच राहिलं. पुढं १९९८ च्या जुलैत इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं अडीच लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात खास यंत्र बांधलं आणि ५६ तासांत डीईएस उघडलं. यंत्राची रचना आणि प्रोग्राम त्यांनी लपवले नाहीत, चक्क पुस्तक छापलं. छापील पुस्तकाला ती मनाई नव्हती! परदेशातल्या माणसानं पानं स्कॅन करून प्रोग्राम संगणकात उतरवून घ्यावा, अशीच ती छपाई होती. आम्हाला ही युक्ती फार आवडली. नुसतं 'आम्ही उघडलं' म्हटलं असतं, तर कोण विश्वास ठेवणार? कृतीच हाती दिल्यावर ज्याला शंका असेल त्यानं करून बघावं.

याला ओपन सोर्स म्हणतात, म्हणजे प्रोग्राम कसा लिहिला ते सर्वांना उघड. पण त्यातही खाचखळगे आहेत. डिस्ट्रिब्युटेड डॉट नेट नावाच्या मंडळींनी आपल्या प्रोग्रामचा बराच भाग खुला केला, थोडा मात्र राखून ठेवला. कारण न केलेलं काम 'झालं' म्हणून कळवणारे निघतात. वरवर गवत खुडून पात पुढं नेणारी खुरपणीतही एखादी असतेच.

१९९९ च्या जानेवारीत ते यंत्र आणि या मंडळींचे सुमारे एक लाख संगणक एकत्र आले, तेव्हा डीईएस २२ तास १५ मिनिटांत उघडलं. सरकारनं २००१ साली नवं प्रमाण आणलं, एईएस. त्याच्या सगळ्यात लहान किल्लीतही शून्य-एकचे १२८ अंक आहेत, डीईएसच्या किल्लीत ५६ होते. एकेका अंकानं किल्ल्या दुप्पट होतात. आठच अंक वाढवलेलं, ६४ अंकी किल्लीचं दुसरं एक कुलूप होतं, आरसी५. ते उघडायला याच मंडळींना १,७५७ दिवस लागले, ३ लाख ३१ हजार लोक राबले. आणि गंमत बघा, १४ जुलै २००२ ला टोकियोतल्या एका संगणकानं बरोबर किल्ली कळवली, पण नोंद तपासणारा प्रोग्राम बिघडलेला, त्यामुळं १२ ऑगस्टपर्यंत कुणाला पत्ताच नाही! आमच्या गटात वही लिहायला महिना उशीर झाला की आम्ही एकमेकींना केवढं बोलतो.

एटीएमचा पिन चारच अंकी, म्हणजे दहा हजार नंबर. तिथं तीनदा चुकलं की कार्ड बंद पडतं, म्हणून तो टिकतो. आमच्या पेटीच्या कुलपाला असं चुका मोजणारं कुणी नव्हतं. ते काढून आम्ही साधं किल्लीचं कुलूप लावलं आहे. किल्ली एकीकडं आणि पेटी दुसरीच्या घरी असते.