पाचर

मराठी भाषेनं ज्या निरपराध वस्तूंची बदनामी केली, त्यांत पाचरीचा नंबर बराच वरचा लागावा. कुणाचं प्रमोशन अडलं, भाच्याचं जमत आलेलं लग्न मोडलं, की आपण बेधडक म्हणतो, 'कुणीतरी पाचर मारली!' वास्तविक पाचर काम अडवायला नव्हे, चालू ठेवायला जन्माला आली.

खोटं वाटत असेल तर लाकडाच्या वखारीत जाऊन पाहा. ओंडका उभा चिरू लागलं की त्याच्या पोटात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेला ताण मोकळा होतो. (मध्यमवर्गीयाला हे समजावून सांगायला नको!) मग चिरलेले भाग कधी फाकतात, तर कधी एकमेकांकडे झुकून करवतीलाच चिमटीत धरतात. भाईंदरच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथा होऊन बसणाऱ्याला करवतीचे हाल चटकन कळतील. अशा वेळी मिस्त्री करवतीच्या मागं, चिरेत पाचर ठोकतो. फट उघडी राहते, करवत पुढं सरकते. पाचर लाकडाचीच बरी. चुकून दात लागला तर पाचर कापली जाते, करवत वाचते. आणि ठोकायची बेतानं, नाहीतर फळ्यांऐवजी सरपण हाती येतं.

युक्ती किती जुनी? पंचतंत्रात करटक दमनकाला सांगतो, की देवळाच्या कामावरचे सुतार अर्ध्या चिरलेल्या ओंडक्यात खैराची पाचर ठोकून दुपारी जेवायला गेले. (तेव्हा जेवणाची सुट्टी आम्हा बँकवाल्यांनी शोधलेली नाही.) एक माकड आलं, फटीत बसलं, पाचर उपटली आणि जिवाला मुकलं. हितोपदेशात तर काम काढणारा शुभदत्त नावाचा कायस्थ, म्हणजे आमच्याच लेखणीच्या धंद्यातला. तिथं करवतीचाही उल्लेख आहे. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत, आठव्या शतकात 'कलिला व दिमना' म्हणून अरबीत गेलं. माकड जगप्रसिद्ध झालं. पाचरीला कुणी विचारलं नाही.

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी १८१७ साली सागवानाचं 'त्रिंकोमाली' जहाज बांधलं. ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतंय. वाडियांचं नाव राहिलं, हे योग्यच. पण तेवढं सागवान चिरताना दोन्हीकडून दाब सोसत कितीजणी फटीत उभ्या राहिल्या असतील!

तेव्हा पुढच्या वेळी पाचर मारणारा भेटला, तर आधी त्याच्या हातात करवत आहे का बघा. आणि उपटणारा भेटला, तर शेपूट तपासून घ्या.